आतुर काया आणि खचलेले मन : दीर्घ व्याधीतील खिन्नतेचा ऐतिहासिक विचार

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर, गुजरातच्या सीमेजवळ खापर हे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा. या तालुक्यात भिल्ल समाजाची वस्ती मोठी असून, पावसाळा सरला की या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. काही काळापूर्वी या गावी एका धम्मबांधवाच्या घरी मुक्काम करण्याचा प्रसंग आला. हे गृहस्थ मूळचे भंडाऱ्याकडील, नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेले शिक्षक. त्यांच्या विशीतील मुलाला सिकलसेलचा आजार आहे. रात्री जेवणे झाल्यावर भिंतीवरील तसबिरीकडे पाहत त्याने मला विचारले, "सर, बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांचे पाय दुखत, तरी ते अठरा तास वाचत. बाबा मला रोज हेच सांगतात. मला तर दुखणं थांबल्यावरसुद्धा उठावंसं वाटत नाही. बाबासाहेबांना कधी असं वाटलं असेल का?"

वडील मान खाली घालून बसले होते. त्यांनी ते उदाहरण मुलाला उभारी यावी म्हणूनच दिले होते, याविषयी मला शंका नाही. परंतु जयंतीनिमित्त होणाऱ्या 'अठरा तास अभ्यास' उपक्रमात आपला मुलगा बसू शकत नाही, याची सल त्यांच्या मनात होती आणि ती मुलाच्या मनात कितीतरी अधिक खोल गेली होती. त्याचा प्रश्न सांत्वनाने मिटणारा नव्हता. घडलेल्या गोष्टींचा तो प्रश्न असल्यामुळे त्याचे उत्तर इतिहासातच शोधणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

व्याधीचे स्वरूप आणि तिचा शोध

सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक विकार होय. या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. विकार असलेल्या व्यक्तीत प्राणवायू कमी पडला की त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत तीव्र वेदना उठतात. थंडी, अतिश्रम, ताप, शरीरातील पाणी कमी होणे या कारणांनी हा झटका येतो. हिवाळ्याच्या पहाटे उसाच्या फडात उभ्या राहणाऱ्या मजुराच्या वाट्याला यांतील किती कारणे एकाच वेळी येतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वैद्यकशास्त्रात या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून १९०४ साली दंतवैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वारंवार आजारी पडूनही त्याने शिक्षण पुरे केले, मायदेशी परतून व्यवसाय केला आणि १९१६ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तो निवर्तला. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूचा विकार असल्याचे दाखविले. त्या रेणूतील नेमका फरक कोठे आहे, हे सांगणारा व्हर्नन इन्ग्रॅम यांचा निबंध ऑक्टोबर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तोच हा महिना.

भारतात हा विकार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत आढळल्याची नोंद झाली. पुढे १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडील नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या पाहण्यांतून विदर्भातील पूर्वाश्रमीचा महार, म्हणजे आजचा बौद्ध समाज आणि सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाज, या दोहोंतही हा विकार असल्याचे स्पष्ट झाले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी या कामात दीर्घकाळ घालविला. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या २००२ सालच्या निबंधानुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत या विकाराचे प्रमाण २० ते ३५ टक्के आहे. यांत बहुसंख्य केवळ वाहक असतात आणि त्यांना सहसा त्रास होत नाही. मात्र आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा आजार कोणत्याही समाजाच्या रक्ताचा कलंक नव्हे. वाहक व्यक्तीला जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. ज्या प्रदेशांत पिढ्यान्पिढ्या हिवताप होता, तेथे हा गुण टिकून राहिला. आजाराला पूर्वजन्मीचे पाप मानणाऱ्यांना तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक, सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात काय, असे विचारतो. भगवान पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात अशी कारणे एकेक करून सांगतात आणि सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांचे मत चुकीचे ठरवितात.

सिकलसेलचा रुग्ण दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत वरून धडधाकट दिसतो. त्यामुळे तो आळशी आहे, कामचुकार आहे, असा समज सहज होतो. पुढचा झटका केव्हा येईल याची धास्ती, रक्तक्षयामुळे येणारा थकवा, बुडालेली परीक्षा, अडलेले लग्न या सर्वांच्या भाराने मन खचते. खापरच्या त्या तरुणाला दुखणे थांबल्यावरही उठावेसे वाटत नव्हते, त्याचे मूळ येथे आहे.

पालि साहित्यातील साक्ष

पालि साहित्यात आजारी माणसे पुष्कळ भेटतात. कोणी त्यांना भेटावयास आले की एक ठरीव विचारपूस होते : सहन होते ना, निभावते ना, वेदना कमी होत आहेत ना. बहुतेक ठिकाणी रुग्णाचे उत्तरही ठरीव आहे. सहन होत नाही, निभावत नाही, वेदना वाढतच आहेत, कमी झाल्याचे जाणवत नाही. कोसंबीजवळील बदरिकारामात आजारी असलेला खेमक भिक्खू असेच सांगतो. सावत्थीचा महादानी अनाथपिण्डिक असेच सांगतो. 'मी ठीक आहे' असे खोटे सांगण्याची सक्ती त्यांपैकी कोणावरही नाही. अखेरच्या आजारात सारिपुत्त आणि आनंद भेटीस आले असता अनाथपिण्डिक रडतो. त्याचे मन खचत आहे काय, असे आनंद विचारतो. अनाथपिण्डिक आपल्या अश्रूंचे कारण सांगतो. पण त्या अश्रूंमुळे त्याला श्रद्धाहीन असे कोणीही म्हणत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित, स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूचा प्रसंग आहे. त्याच्याजवळ कोणी नव्हते. स्वतः भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला धुतले, उचलून मंचावर निजविले आणि नंतर संघाला एकत्र करून रुग्णसेवा ही आपली स्वतःची सेवा समजावी असे सांगितले. त्याच ठिकाणी रुग्णाचे आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. रुग्णाने आपला आजार जसा आहे तसा सांगावा. सेवकाला औषध देता यावे, त्याला मळाची किळस वाटू नये आणि रुग्णाच्या मनाला वेळोवेळी उभारी देता यावी. मनाला उभारी देणे हे येथे औषध देण्याच्याच पंक्तीत बसविलेले आहे.

या दृष्टीने भग्ग देशातील सुंसुमारगिरीच्या नकुलपिता व नकुलमाता या गृहस्थ दांपत्याचा वृत्तान्त फार मोलाचा आहे. अंगुत्तरनिकायातील वर्णनानुसार नकुलपिता अत्यवस्थ झाला आणि चिंतेने ग्रासला. नकुलमातेने त्याला धीर धरण्याचा कोरडा उपदेश केला नाही. त्याच्या मनात कोणत्या चिंता असतील, त्या तिने एकेक करून उच्चारल्या आणि प्रत्येकीला उत्तर दिले. मुलांचे कसे होईल, ही पहिली चिंता. त्यावर ती सांगते की मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मुलांना पोसून घर चालविणे मला जमेल. अशा सहा चिंतांची उत्तरे ऐकून नकुलपित्याचे मन निवळले. पुढे तो बरा झाला आणि काठी टेकत भगवंतांकडे गेला. अशी अनुकंपा करणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंतांनी त्याला सांगितले. आपल्याकडे मात्र आजाऱ्याच्या चिंतेचे नावच घ्यावयाचे नाही, अशी रीत पडली आहे.

याच नकुलपित्याला वृद्धापकाळी भगवंतांनी सांगितले की काया आतुर असली तरी चित्त आतुर होऊ नये, असा अभ्यास करावा. या उपदेशाचा नेहमी उल्लेख होतो. पण पुढचा भाग विसरला जातो. तो अभ्यास कसा करावा, हे नकुलपित्याला त्या एका वाक्यातून कळले नव्हते. सारिपुत्ताने ते त्याला नंतर सविस्तर समजावून सांगितले. अनातुर चित्त ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि शिकण्याला वेळ व शिकविणारा दोन्ही लागतात. अंगुत्तरनिकायात अन्यत्र रोगांचे कायिक आणि चैतसिक असे दोन प्रकार सांगून म्हटले आहे की शंभर वर्षे शरीराने निरोगी राहिलेला मनुष्य सापडेल, परंतु क्षीणास्रवांखेरीज, क्षणभरही मनाच्या रोगापासून मुक्त असलेला मनुष्य दुर्मीळ. ज्यातून जवळजवळ कोणीच सुटत नाही, त्याची लाज एकट्या रुग्णाने का बाळगावी?

दोन बाणांचा दृष्टान्तही येथे तपासून पाहावा लागतो. शरीराची वेदना हा पहिला बाण आणि तिच्यामुळे होणारा शोक हा दुसरा, असे संयुत्तनिकायात सांगितले आहे. दुसरा बाण तूच स्वतःला मारून घेतोस, असा ठपका रुग्णावर ठेवण्यासाठी हा दृष्टान्त वापरला, तर आपणच त्याला तिसरा बाण मारतो.

तथागतांच्या स्वतःच्या उत्तरायुष्याकडे पाहावे. वेसालीजवळच्या बेळुव गावी वर्षावासात त्यांना मरणप्राय वेदना झाल्या. त्या त्यांनी स्मृतिपूर्वक सहन केल्या, परंतु लपविल्या नाहीत. जुनी गाडी दोऱ्या-पट्ट्यांनी बांधून चालवावी तसे आपले शरीर चालले आहे, असे ते आनंदाला म्हणाले. इतर प्रसंगी पाठ दुखू लागल्याने प्रवचन सारिपुत्तावर किंवा आनंदावर सोपवून ते आडवे झाल्याच्या नोंदी आहेत. महापरिनिब्बानसुत्तात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. शास्त्यांचा आजार पाहून आपले अंग बधिर झाले, दिशा कळेनाशा झाल्या, असे आनंद सांगतो. रुग्णाजवळ बसणाऱ्याचे मनही खचते, याची ही प्राचीन कबुली होय.

बाबासाहेबांची अखेरची वर्षे

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अनेक वर्षे मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास, घटनेच्या मसुद्याचे काम ऐन भरात असताना, पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती. इन्सुलिन घ्यावे लागत होते. हे औषध उपयोगात येऊन तेव्हा जेमतेम पाव शतक झाले होते आणि रक्तातील साखर घरच्या घरी मोजण्याची सोय नव्हती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढील माईसाहेब, यांच्याशी झाला. प्रकृतीची काळजी घेणारे कोणी जवळ असावे, हा विचार त्यामागे होता आणि तो त्यांनी सहकाऱ्यांपासून लपविला नव्हता. १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी, आपल्या प्रकृतीची आपल्याला व डॉक्टरांना काळजी वाटते, असे नमूद करून हिंदू कोड बिल लवकर चर्चेस घेण्याची विनंती केली. म्हणजे बाबासाहेबांनी आपला आजार जसा होता तसा सांगितला. विनयातील उत्तम रुग्णाचा गुण तो हाच.

मनाचे काय? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत, शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. नानकचंद रत्तू हे अखेरच्या काळात त्यांचे लेखनिक व सेवक म्हणून सोबत होते. त्यांनी ३१ जुलै १९५६ च्या दिवसाची आठवण लिहून ठेवली आहे. बाबासाहेब इतके खिन्न का राहतात आणि मधूनच का रडतात, असे रत्तूंनी धीर करून विचारले. तेव्हा बाबासाहेबांनी अश्रू ढाळत मन मोकळे केले. आपले जीवितकार्य अपुरे राहिले, ग्रंथ छापून व्हावयाचे आहेत, शिकलेली माणसे समाजाकडे पाठ फिरवितात, असा त्या बोलण्याचा आशय होता. शरीर तर थकलेच होते. दृष्टी मंदावली होती आणि आधाराशिवाय चालणे अवघड झाले होते.

या खिन्नतेला आजच्या वैद्यकातील कोणते नाव द्यावे, हे ठरविणे आपले काम नव्हे. परंतु ती होती, दीर्घकाळ होती, आणि जवळच्या माणसाला दिसण्याइतकी उघड होती, हे नि:संशय. ३१ जुलैनंतर बरोबर ७५ दिवसांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली व दिली. त्या दिवशीही त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर होता. खिन्नता आणि थोर कार्य ही एकाच माणसात, एकाच ऋतूत नांदू शकतात, हे या दोन तारखा सांगतात.

हे कसे शक्य झाले, याचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत, पाच वर्षांच्या लेखनकाळात प्रकृतीचे अनेक चढउतार झाले आणि एका टप्प्यावर डॉक्टर आपल्याविषयी विझत्या ज्योतीसारखे बोलू लागले होते, असे ते सांगतात. ती ज्योत पुन्हा पेटली याचे श्रेय ते पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला देतात. १९५७ साली ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा ही कृतज्ञता तिच्यात छापली गेली नाही. ती वाचकांपुढे उशिरा आली. तोवर एकट्याने झुंजणाऱ्या महामानवाची प्रतिमा आपल्या मनात पक्की झाली होती. वस्तुतः त्या अठरा तासांच्या मागे औषध देणाऱ्या, टंकलेखन करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या आणि पाय चेपणाऱ्या हातांचे तास होते. ५ डिसेंबरच्या रात्रीही रत्तू त्यांचे पाय चेपत होते आणि त्यांनी उशाशी मागून घेतलेले कागद याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपले कर्तव्य

वरील साक्षींवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. दीर्घ आजारात मन खचणे हा आजाराचाच भाग असतो आणि त्यावर श्रद्धेचे मोजमाप करता येत नाही. मन सावरते ते खरे सांगण्याची मुभा, चिंतेला नेमके उत्तर देणारे माणूस, योग्य औषधोपचार आणि झेपेल एवढे काम यांच्या आधाराने.

म्हणून आपल्या विहारांतून आजारी उपासक-उपासिकांची नियमित विचारपूस व्हावी आणि 'नाही, सहन होत नाही' हे उत्तर शांतपणे ऐकून घेतले जावे. नकुलमातेप्रमाणे चिंतांची उत्तरे प्रत्यक्ष असावीत. सिकलसेलच्या रुग्णास भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि ताप येताच रुग्णालय यांची गरज असते. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने अनेकांचे झटके कमी होतात, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासणीसह घ्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झालेला आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. लग्नापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घेणे, हा आपल्या समाजात सहज रिवाज झाला पाहिजे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. आनापानसतीचा लाभ होतो, पण ती औषधाची जागा घेत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. रुग्णासोबत त्याची आई, पत्नी, भाऊ यांचीही विचारपूस व्हावी. आनंदालादेखील दिशा कळेनाशा झाल्या होत्या, हे विसरू नये.

त्या रात्री खापरमध्ये मी त्या तरुणाला एवढेच सांगितले की होय, बाबासाहेबांना असे वाटले होते, ते रडलेही होते, आणि त्यांनी ते रत्तूंना सांगितले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वडिलांनी विचारले, "आज किती दुखतंय?" आणि मुलाने खरे उत्तर दिले. पुढील जयंतीला जेथे जेथे अठरा तास अभ्यास होईल, तेथे माझी एक विनंती आहे. अशा मुलांच्या अंथरुणाशी एक पुस्तक पोहोचते करावे. त्याने पडल्या पडल्या एक तास वाचले, तर तो तास अठरांतच मोजावा.